बोटांतून उमटलेली अक्षरे

प्राथमिक शाळेच्या वर्गात डोकावून पाहिले, तर एखादे मूल असे आढळते, की ज्याला काही केल्या अक्षर लागत नाही. शेजारची मुले धडे घडाघडा वाचू लागतात. हे मूल मात्र पहिल्याच ओळीपाशी अडून बसते. आज ओळखलेले अक्षर उद्या त्याला परके वाटते. घरची माणसे रागावतात, सोबती हसतात आणि हळूहळू त्या मुलाचीही अशी समजूत होते, की आपल्याला बुद्धीच नाही. अशा मुलांचा कैवार घेणारी, त्यांच्या अडचणीचे मूळ शोधणारी आणि त्या शोधातून बालशिक्षणाला नवे वळण लावणारी एक थोर स्त्री इटली देशात होऊन गेली. तिचे नाव मारिया माँटेसरी. विशेष हे, की ती मूळची शिक्षिका नव्हती. ती होती डॉक्टर.

मारियाचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील कियारावाल्ले या लहानशा गावी झाला. तिचे वडील अलेस्सांद्रो हे सरकारी नोकरीत होते. आई रेनिल्दे हिला वाचनाची मोठी आवड होती. त्या काळी इटलीत स्वतःचे नावही लिहिता न येणाऱ्या स्त्रिया असंख्य होत्या. अशा काळात पुस्तकांवर प्रेम करणारी आई मारियाला लाभली, हे तिचे भाग्यच. मारिया लहान असतानाच हे कुटुंब राजधानी रोम येथे राहावयास आले.

मुलींनी फार शिकू नये आणि शिकल्याच तर शिक्षिका व्हावे, अशी तेव्हाची रीत होती. मारियाला ही रीत मान्य नव्हती. तिला गणित आवडे. म्हणून वयाच्या तेराव्या वर्षी तिने तंत्रशाळेत प्रवेश घेतला. अशा शाळांत बहुतेक सगळे मुलगेच असत. प्रथम तिच्या मनात इंजिनियर होण्याचे होते. पुढे तिने डॉक्टर होण्याचा निश्चय केला. वडिलांना हा विचार रुचला नाही. विद्यापीठाकडूनही आरंभी नकारच आला. मारियाने धीर सोडला नाही. रोमच्या विद्यापीठात तिने आधी निसर्गशास्त्राचा अभ्यास पुरा केला आणि मग वैद्यकाच्या वर्गात पाऊल ठेवले.

तेथेही अडचणी होत्याच. पुरुष विद्यार्थ्यांच्या बरोबरीने एका तरुणीने शवविच्छेदन करावे, हे त्या काळच्या शिष्टाचारात बसत नव्हते. त्यामुळे इतर विद्यार्थी निघून गेल्यावर तिला एकटीलाच ते काम करावे लागे. रिकामी खोली, समोर मृतदेह आणि सोबतीला कोणी नाही, अशा स्थितीत तिने आपला अभ्यास चालू ठेवला. अखेर १८९६ साली तिला वैद्यकाची पदवी मिळाली. इटलीतील पहिल्या काही स्त्री-डॉक्टरांत आता मारियाबाईंची गणना होऊ लागली.

पदवी मिळाल्यावर मारियाबाई विद्यापीठाच्या मनोरुग्ण-चिकित्सालयात काम करू लागल्या. त्या निमित्ताने त्यांना रोममधील वेड्यांच्या इस्पितळांत जावे लागे. तेथे त्यांच्या दृष्टीस एक करुण दृश्य पडले. मोठ्या मनोरुग्णांबरोबर तेथे काही मुलेही कोंडून ठेवलेली होती. ज्यांना बोलता येत नाही, शिकता येत नाही, ज्यांचे वर्तन इतरांसारखे नाही, अशा मुलांवर मंदबुद्धीचा शिक्का मारून समाजाने त्यांना तेथे टाकून दिले होते. त्यांना शिकविण्याचा विचारही कोणाच्या मनात येत नसे.

एका इस्पितळातील परिचारिकेने त्या मुलांविषयी तिरस्काराने सांगितले, की जेवण झाल्यावर ही मुले जमिनीवर पडलेले पावाचे तुकडे गोळा करीत बसतात. मारियाबाईंनी खोलीत नजर फिरविली. चार भिंतींखेरीज तेथे काही नव्हते. खेळणे नाही, चित्र नाही, हातात धरण्याजोगी एकही वस्तू नाही. ती मुले केवळ भुकेपोटी तुकडे वेचीत नव्हती. त्यांच्या हातांना काहीतरी हवे होते. दाबून पाहावे, चिवडून पाहावे असे त्यांच्यापाशी दुसरे काहीच नव्हते. परिचारिकेला जेथे हावरटपणा दिसला, तेथे या तरुण डॉक्टरला शिकू पाहणारे हात दिसले. या मुलांना औषधांपेक्षा शिक्षणाची गरज अधिक आहे, हा विचार त्यांच्या मनात पक्का झाला.

परंतु शिकवावयाचे कसे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मारियाबाईंना दोन फ्रेंच डॉक्टरांचे ग्रंथ सापडले. त्यांपैकी पहिले झाँ इतार. इ. स. १८०० च्या सुमारास फ्रान्सच्या एका अरण्यात माणसांपासून दूर वाढलेला एक मुलगा सापडला होता. त्याला शिकविण्यासाठी इतार यांनी कित्येक वर्षे परिश्रम केले होते. दुसरे एदुआर सेगाँ. इतार यांच्या या शिष्याने शिकण्यात मागे पडणाऱ्या मुलांसाठी स्पर्श, दृष्टी आणि हालचाल यांवर आधारलेली शिक्षणपद्धती तयार केली होती. हे ग्रंथ जवळजवळ विस्मृतीत गेले होते. ते नुसते वाचून मारियाबाईंचे समाधान झाले नाही. शब्दाशब्दाचा अर्थ मनात पुरता उतरावा म्हणून त्यांनी ते ग्रंथ इटालियन भाषेत भाषांतरित करून पहिल्यापासून अखेरपर्यंत स्वतःच्या हाताने लिहून काढले.

पुढे अशा मुलांना शिकविण्यासाठी आणि त्यांच्या शिक्षकांना तयार करण्यासाठी १९०० साली रोममध्ये एक विद्यालय उघडण्यात आले. त्याच्या संचालनाचे काम मारियाबाई आणि त्यांचे एक सहकारी डॉक्टर यांच्याकडे आले. मारियाबाई केवळ देखरेख करीत बसल्या नाहीत. सकाळी आठपासून संध्याकाळी सातपर्यंत त्या स्वतः मुलांत बसून शिकवीत. दिवसभर काय घडले, कोणते मूल कोठे अडले, कशाने पुढे गेले, याची त्या रात्री टिपणे करीत. डॉक्टर ज्या बारकाईने रोग्याला पाहतो, त्याच बारकाईने त्या मुलांना पाहत असत.

त्यांच्या या मुलांत अकरा वर्षांची एक मुलगी होती. तिच्या हातांत कोणताही दोष नव्हता. पण शिवणकामाचा साधा टाका तिला घालता येईना. सुई खालून वर कशी काढावी आणि वरून खाली कशी घालावी, हे पुन्हा पुन्हा दाखवूनही तिच्या ध्यानात येत नसे. शिवण तिच्यापुढे तशीच रेटण्याऐवजी मारियाबाईंनी ती बाजूला ठेवली. त्यांनी मुलीला कागदाच्या पट्ट्यांची चटई विणावयास दिली. एक आडवी पट्टी उभ्या पट्ट्यांच्या एकदा वरून, एकदा खालून न्यावयाची, एवढेच ते काम. मुलगी त्यात रमली. ते तिला चांगले साधल्यावर मारियाबाईंनी तिच्या हातात पुन्हा सुई दिली. आता तिला टाकाही घालता आला आणि रफूही करता आले. ज्या हालचालीवाचून तिचे अडत होते, ती हालचाल चटई विणताना तिच्या हाताने आपोआप शिकून घेतली होती.

घटना लहान होती. पण मारियाबाईंना तिच्यात एक मोठे तत्त्व सापडले. मूल एखाद्या कामात अडते, तेव्हा तेच काम त्याच्याकडून शंभर वेळा घोटून घेण्यात अर्थ नसतो. त्या कामाच्या आधीची कोणती पायरी त्याच्या पायाखालून निसटली आहे, हे शोधावे. ती पायरी त्याला दुसऱ्या, सोप्या आणि आवडीच्या कामातून चढू द्यावी. मग मूळ काम त्याला अवघड वाटत नाही.

हेच तत्त्व त्यांनी लेखन-वाचनाला लावले. अक्षर ओळखावयाचे म्हणजे काय करावयाचे, याचा त्यांनी बारकाईने विचार केला. अक्षराला आकार असतो. तो डोळ्यांनी पाहावा लागतो. अक्षराला ध्वनी असतो; तो कानांनी ऐकावा लागतो. आणि अक्षराला वळण असते. ते हाताला ठाऊक असावे लागते. शाळेत मात्र मुलाला एकदम पुस्तक आणि लेखणी देऊन ही तिन्ही कामे एकाच वेळी करावयास सांगतात. ज्याला ती साधत नाहीत, तो मागे पडतो. मारियाबाईंनी लाकडाची सुंदर अक्षरे करवून घेतली. स्वर तांबड्या रंगाचे आणि व्यंजने निळ्या रंगाची. मुलाने अक्षर लिहिण्याच्या दिशेने त्यावरून बोट फिरवावयाचे आणि त्याच वेळी त्याचा ध्वनी ऐकावयाचा व उच्चारावयाचा, असा हा खेळ होता. जे अक्षर डोळ्यांच्या लक्षात राहत नसे, ते बोटांच्या लक्षात राहू लागले.

धडा देण्याची त्यांची रीतही वेगळी होती. ती त्यांनी सेगाँ यांच्यापासून घेतली होती. प्रथम शिक्षिकेने दोन अक्षरे मुलापुढे ठेवून त्यांचे ध्वनी सांगावयाचे. मग त्यांतील अमुक अक्षर कोणते, ते दाखवावयास सांगावयाचे. मुलाने ते बरोबर दाखविले, तरच हे अक्षर कोणते, असा तिसरा प्रश्न विचारावयाचा. मूल मध्येच चुकले, तर त्याला रागवावयाचे नाही, चूक पुन्हा पुन्हा दाखवावयाची नाही. हसतमुखाने अक्षरे उचलून ठेवावयाची आणि दुसऱ्या दिवशी धडा नव्याने द्यावयाचा. चुकणे म्हणजे अपराध नव्हे. मूल त्या क्षणी त्या धड्यासाठी तयार नव्हते, एवढाच त्याचा अर्थ, असे त्या मानीत.

या श्रमांना जे फळ आले, त्याने सारे रोम शहर चकित झाले. ज्या मुलांना समाजाने टाकून दिले होते, त्यांपैकी काही जण लिहावयास-वाचावयास शिकले. इतकेच नव्हे, तर सरकारी शाळांतील मुलांबरोबर परीक्षेस बसून ती उत्तीर्णही झाली. लोकांनी याला चमत्कार म्हटले. सर्वत्र मारियाबाईंची स्तुती होऊ लागली. पण त्या स्वतः मात्र विचारात पडल्या. मागे पडलेली मुले जर एवढी मजल मारू शकतात, तर धडधाकट मुले त्यांच्याच पातळीवर का राहावीत? त्या मुलांना शाळेत कोणती गोष्ट अडवून धरीत असेल? सगळे जग आपल्या मुलांचे कौतुक करीत असता त्यांच्या मनाला हा प्रश्न टोचत राहिला. १९०१ साली त्यांनी ते विद्यालय सोडले आणि तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, मानवशास्त्र यांच्या अभ्यासासाठी त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. १९०४ पासून त्या रोमच्या विद्यापीठात अध्यापनही करू लागल्या.

प्रश्नाचे उत्तर शोधण्याची संधी थोड्याच वर्षांनी आली. रोमच्या सान लोरेंझो या भागात गरीब कष्टकऱ्यांची वस्ती होती. तेथील जुन्या इमारती दुरुस्त करून एका संस्थेने त्या मजूर कुटुंबांना भाड्याने दिल्या होत्या. आईबाप दिवसभर कामावर जात आणि शाळेत जाण्याचे वय न झालेली मुले जिन्यांवर व अंगणांत मोकाट हिंडत. ती नव्या रंगविलेल्या भिंती खराब करीत. या मुलांना एका खोलीत एकत्र ठेवून त्यांच्याकडे लक्ष द्यावे, अशी कल्पना इमारतींच्या व्यवस्थापकांना सुचली आणि ते काम त्यांनी मारियाबाईंवर सोपविले. ६ जानेवारी १९०७ रोजी तेथे पहिले बालगृह सुरू झाले. पन्नासांहून अधिक मुले होती. त्यांपैकी बहुतेकांची वये तीन ते सहा वर्षांची होती. मुले बुजरी होती, रडवेली होती आणि त्यांच्या अंगावर धड कपडे नव्हते.

या बालगृहात मारियाबाईंनी मुलांच्या उंचीला साजतील अशी लहान मेजे आणि हलक्या खुर्च्या ठेवल्या. बटणे लावणे, हात धुणे, खोली झाडणे, ठोकळे रचणे, निरनिराळ्या आकारांभोवती पेन्सिल फिरवून ते आकार रेघांनी भरणे, अशी कामे मुलांपुढे मांडली. ज्याला जे आवडेल ते त्याने घ्यावे आणि हवे तितका वेळ करावे. थोड्याच महिन्यांत तीच मुले शांत, हसरी आणि कामात गढून गेलेली दिसू लागली.

एवढ्या लहान मुलांना अक्षरओळख करून द्यावी, असे मारियाबाईंच्या मनात प्रथम नव्हते. पण मुलांच्या आया त्यांच्याकडे आल्या. त्यांपैकी बहुतेकींना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हते. आपल्या मुलांना अक्षरे शिकवावी, अशी विनंती त्यांनी मोठ्या आशेने केली. मुलेही तेच मागू लागली. तेव्हा मारियाबाईंनी जुन्या कामाला पुन्हा हात घातला. पूर्वीसारखी लाकडी अक्षरे करून घेणे खर्चाचे होते. म्हणून त्यांनी आणि त्यांच्या सहकारी शिक्षिकांनी खरखरीत काचकागदाची अक्षरे कापून गुळगुळीत पुठ्ठ्यांवर चिकटविली. ही युक्ती लाकडी अक्षरांहूनही सरस ठरली. कारण बोट वळणावरून घसरले, की गुळगुळीत पुठ्ठा लागे आणि मुलाला आपली चूक आपोआप कळे. महाराष्ट्रातही पूर्वी मुले धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवीत. हाताला वळण कळले, की अक्षर मनात ठसते, हे या दोन्ही रीतींतील समान सूत्र होय.

त्याबरोबर कागदातून कापलेली सुटी अक्षरे खणांच्या पेटीत ठेवलेली असत. मुलांनी एखादा शब्द मनात आणावा, तो सावकाश उच्चारावा, त्यातील ध्वनी वेगळे करावेत आणि ती अक्षरे पेटीतून काढून ओळीने मांडावीत. इटालियन भाषेत, मराठीप्रमाणेच, अक्षर आणि उच्चार यांचा मेळ बराच चांगला आहे. त्यामुळे मुलांना हे काम लवकर साधले. काही मुले तर रस्त्याने चालतानाही ओळखीच्या माणसांच्या नावांतील ध्वनी एकेक करून मोजीत असत. अशा रीतीने हात वेगळा तयार होत होता आणि कान वेगळा तयार होत होता. लिहावयास मात्र त्यांना अजून कोणी सांगितले नव्हते.

त्याच वर्षीच्या डिसेंबर महिन्यातील एका दिवशी छान ऊन पडले होते. मारियाबाई मुलांना घेऊन इमारतीच्या गच्चीवर गेल्या. मुले भोवती खेळत होती. जवळच धुराडे होते. पाच वर्षांच्या एका मुलाच्या हाती खडू देऊन त्यांनी त्याला धुराड्याचे चित्र काढावयास सांगितले. त्याने ते जमिनीवर काढले. मारियाबाईंनी शाबासकी दिली. मुलाने त्यांच्याकडे पाहिले, क्षणभर तो थांबला आणि मग आपल्याला लिहिता येते, असे आनंदाने ओरडत त्याने गुडघे टेकून जमिनीवर ‘हात’ या अर्थाचा इटालियन शब्द लिहिला. लगेच त्याने ‘धुराडे’ आणि ‘छप्पर’ हे शब्द लिहिले. त्याचा आनंद ऐकून बाकीची मुले धावत आली. त्यांनीही खडू मागितला आणि कोणी ‘आई’, कोणी एखादे नाव, असे शब्द लिहून दाखविले. लिहिण्यासाठी यापूर्वी त्यांनी एकदाही खडू हाती धरला नव्हता.

त्यानंतर काही दिवस मुलांना लिहिण्याचे वेडच लागले. जमीन, दारे, भिंती काही त्यांच्या हातून सुटले नाही. आपण हे शिकलो कधी, हेच त्यांना ठाऊक नव्हते. त्यामुळे अंगात एक नवी शक्ती आली आहे, असे त्यांना वाटले. तयारीचा पहिला धडा घेतल्यापासून पहिला शब्द लिहीपर्यंत चार वर्षांच्या मुलांना साधारणपणे एक ते दीड महिना लागतो, असे मारियाबाईंना आढळून आले.

लिहिणे आले, तरी वाचणे त्याहून निराळे आहे, हे त्या जाणून होत्या. अक्षरे जोडून मोठ्याने उच्चारली, म्हणजे वाचन झाले असे त्या मानीत नसत. कागदावरच्या खुणांतून दुसऱ्याच्या मनातील अर्थ आपल्या मनात उतरला, तरच ते वाचन. म्हणून त्यांनी एक खेळ योजला. मेजावर तऱ्हेतऱ्हेची खेळणी मांडली आणि प्रत्येकाचे नाव लिहिलेली चिठ्ठी घडी करून टोपलीत टाकली. मुलाने एक चिठ्ठी काढावी, मनातल्या मनात वाचावी आणि मग तिच्यातील नाव स्पष्ट सांगावे. ते बरोबर असले, तर ते खेळणे त्याला खेळावयास मिळे. खेळण्यांसाठी मुले वाचतील, अशी त्यांची कल्पना होती. पण घडले उलटेच. मुलांनी खेळण्यांकडे पाठ फिरविली आणि एकामागून एक नवी चिठ्ठी मागण्याचा धोशा लावला. वाचण्याचा आनंद हाच त्यांना सर्वांत मोठा खेळ वाटला. पुढे चिठ्ठ्यांवर लहान लहान आज्ञा लिहिलेल्या असत. मूल ती मुकाट्याने वाची आणि उठून खिडकी लावी किंवा दार उघडी. कोणी एक शब्दही न बोलता मुलाला वाचता आले की नाही, हे कळून येई.

सान लोरेंझोच्या या मुलांची कीर्ती दूरवर पसरली. १९०९ साली मारियाबाईंनी आपल्या पद्धतीवर ग्रंथ लिहिला. थोड्याच वर्षांत त्याची अनेक भाषांत भाषांतरे झाली. देशोदेशींचे शिक्षक त्यांच्याकडे शिकावयास येऊ लागले आणि त्यांच्या पद्धतीच्या शाळा युरोपात व अमेरिकेत निघाल्या. तरी पुढचा मार्ग सुखाचा नव्हता. इटलीत मुसोलिनीची हुकूमशाही आली. आरंभी त्या सरकारने या शाळांना पाठिंबा दिला. पण मुलांनी सरकारची आज्ञाधारक हत्यारे व्हावे, हे मारियाबाईंना मानवण्याजोगे नव्हते. १९३४ साली संबंध तुटले, त्यांच्या शाळा बंद झाल्या आणि त्यांनी मायदेश सोडला. जर्मनीतही नाझी सत्तेने त्यांच्या शाळा बंद पाडल्या. त्या स्पेनमध्ये राहत होत्या, तेथे १९३६ साली यादवी युद्ध पेटले. तेव्हा त्यांनी हॉलंडमध्ये आश्रय घेतला. स्वतंत्र विचार करणारी मुले घडविण्याचे त्यांचे व्रत मात्र कोठेही सुटले नाही.

भारतात त्यांचे विचार त्यांच्या आधीच येऊन पोचले होते. गुजरातेत गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडून १९२० साली भावनगर येथे बालमंदिर सुरू केले. तेथे तारा मोडक ही मराठी विदुषी त्यांच्या कार्यात सहभागी झाली. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. दुर्दैवाने जून १९३९ मध्ये गिजुभाईंचे निधन झाले आणि त्यानंतर काही महिन्यांनीच, थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून, मारियाबाई पुत्र मारिओ यांच्यासह मद्रासजवळील अड्यार येथे आल्या. तेव्हा त्यांचे वय एकोणसत्तर वर्षांचे होते. त्यांच्या पहिल्याच वर्गाला तीनशेहून अधिक शिक्षक जमले.

१९४० साली इटली महायुद्धात उतरली. इटालियन नागरिक म्हणून ब्रिटिश सरकारने मारिओंना स्थानबद्ध केले आणि मारियाबाईंच्या हिंडण्याफिरण्यावर बंधने घातली. मात्र ३१ ऑगस्ट १९४० रोजी, त्यांच्या सत्तराव्या वाढदिवसाला, सरकारने मारिओंची सुटका करून वृद्ध मातेला अनमोल भेट दिली. युद्ध संपेपर्यंत मायलेक भारतातच राहिले. या काळात त्यांनी शेकडो भारतीय शिक्षकांना शिकवून तयार केले.

महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी या विचाराला नवे रूप दिले. परदेशी पद्धतीची महागडी साधने गरीब मुलांपर्यंत पोचणार नाहीत, हे त्यांनी ओळखले. १९४५ साली त्यांनी आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे खेड्यातील मुलांसाठी कार्य सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली हे कार्य जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. खडे, शिंपले, पाने, फुले, बिया अशा सहज मिळणाऱ्या वस्तूंचीच त्यांनी शिक्षणसाधने केली. मूल शाळेत येत नसेल, तर शाळाच त्याच्या अंगणात न्यावी, म्हणून त्यांनी अंगणवाडी काढली. रोमच्या मजूरवस्तीत उगवलेले रोप अशा रीतीने वारली मुलांच्या अंगणात रुजले.

मारियाबाई १९४६ साली युरोपात परतल्या. त्यानंतर त्या पुन्हा भारतात येऊन गेल्या. उतारवयातही त्यांचे प्रवास आणि व्याख्याने चालूच होती. शांततेच्या नोबेल पारितोषिकासाठीही त्यांचे नाव सुचविले गेले होते. ६ मे १९५२ रोजी हॉलंडमधील समुद्रकाठच्या एका गावी त्यांनी शेवटचा श्वास घेतला.

काही मुलांच्या मेंदूला ध्वनी आणि अक्षर यांची सांगड घालणे मुळातच जड जाते, हे आज शास्त्राला कळून चुकले आहे. त्यात त्यांच्या बुद्धीचा किंवा मेहनतीचा दोष नसतो. अशा मुलांसाठी ध्वनी वेगळे करून ऐकणे आणि ते क्रमाक्रमाने अक्षरांशी जोडणे, असे पद्धतशीर शिक्षण उपयोगी पडते. असे शास्त्र उपलब्ध नसतानाही मारियाबाईंनी त्या मुलांकडे दोषी म्हणून पाहिले नाही. ज्याला अक्षर लागत नाही, त्याला हसणे सोपे आहे. त्याची निसटलेली पायरी शोधून देणे कठीण आहे. ते कठीण काम त्यांनी आयुष्यभर आनंदाने केले.